एफसी-१५० चा कार्बोरेटर: नवा कॉपी, आयात कार्टर की जुनाच बूश मारून?

हरिकेन इंजिनाची जुनी महिंद्रा एफसी-१५० पिकअप उभी करायला घेतली की पत्रा, रंग, वायरिंग ही कामं पैसे टाकले की होतात. कार्बोरेटरपाशी, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागापाशी, मात्र गाडी अडते. बाजारात मिळणारा, सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरची नक्कल असलेला नवा कॉपी माल, परदेशातून मागवलेला कार्टर कंपनीचा वायएफ, किंवा गाडीवरचा जुना सोलेक्सच लेथवर नेऊन नीट करून घेणं, अशा तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीची शपथ घेणारा मिस्त्री भेटतोच. माझ्या एफसी-१५० वर तिन्ही चढवून, चालवून झाले आहेत. तेव्हा हे मत त्या गाडीपुरतं धरा. हेच इंजिन असलेल्या सीजे-३बी जीपवाल्यांचं मत वेगळं पडू शकतं, आणि त्याला कारणही तसंच आहे.

नव्या कॉपीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. स्वस्त पडतो, आठवड्यात हातात येतो, त्याच दोन स्टडवर बसतो आणि जुनी केबल जशीच्या तशी लागते. पहिल्या दिवशी माझी गाडी अर्ध्या सेल्फला सुरू झाली. ज्याला गाडी फक्त प्रदर्शनाला किंवा रविवारी गावातल्या गावात फिरवायची आहे, त्याने फार विचार करू नये.

माझं मन उडालं ते वासाने. महिंद्राने १९६५ पासून बनवलेल्या या गाडीत इंजिन पुढे नाकात नाही, केबिनमध्ये दोन सीटच्या मधल्या झाकणाखाली आहे. म्हणजे कार्बोरेटर चालवणाऱ्याच्या गुडघ्याशी. जीपमध्ये बॉनेटखाली थोडं पाझरलं तर वारा घेऊन जातो, कुणाला कळतही नाही. इथे झाकणाखाली नुसती ओल आली तरी सगळी केबिन दरवळते. त्यात या इंजिनाच्या एफ-हेडची (इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये) रचना अशी की इनटेकची वाट हेडमध्येच ओतलेली, वेगळा मॅनिफोल्ड नाही. कार्बोरेटर थेट तापलेल्या बिडावर बसतो. गाडी चालू असते तोवर पाणी फिरतं, पंखा फिरतो, आत येणारं पेट्रोलही गार असतं. बंद केली की उष्णता वर चढते आणि कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये साठलेलं पेट्रोल उकळायला लागतं. मग ते जिथे फट मिळेल तिथून बाहेर येतं.

साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढून वर चहाला थांबलो होतो. परत येऊन दार उघडलं तर आत बसवेना. आईने पदर नाकाला लावला तो थेट घरापर्यंत, आणि उतरताना म्हणाली, "पुढच्या खेपेला मी एसटीने येते बाई." नंतर झाकण काढून पाहिलं. थेंब कुठेच नव्हता. पण वरच्या कव्हरच्या सांध्यावर ओलसर रेघ होती आणि थ्रॉटल स्पिंडलच्या, म्हणजे हवेची झडप ज्यावर फिरते त्या दांडीच्या, टोकाला तपकिरी डाग. कव्हर जाड काचेवर ठेवलं तर चक्क डुगडुगत होतं. काचेवर पॉलिश पेपर पसरून घासलं, नवं पॅकिंग टाकलं, खाली बॅकेलाइटची जाड पट्टी दिली. वास निम्म्यावर आला. उरलेला अर्धा स्पिंडलचा. नव्या मालात स्पिंडल हाताने हलत होता, म्हणजे हवाही तिथूनच आत जाणार आणि स्लो (पेडल न दाबता इंजिनाची चाल) कधी बसणार नाही. सगळ्यांच्या नशिबी असाच नग येईल असं नाही. चांगला लागलेलेही मला भेटलेत. पण दुकानात बॉक्स उघडून स्पिंडल हलवून बघू द्या म्हटलं की दुकानदाराचा चेहरा बघा.

कार्टर वायएफ ही वेगळ्याच दर्जाची वस्तू. अमेरिकेत याच इंजिनावर तो कंपनीतूनच यायचा, त्यामुळे जमण्याचा प्रश्न नाही. पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मीटरिंग रॉड पेडलच्या लिंकेजने उचलला जातो, शिवाय व्हॅक्यूमवर हलणाऱ्या पातळ पडद्याने, म्हणजे डायफ्रॅमनेही. त्यामुळे कमी आरपीएमवर गाडी गुळगुळीत ओढते, तिसऱ्यात चढाला गचके देत नाही. वासही जवळजवळ नाही. नुसतं चालवण्याचं सुख पाहिलं तर पहिला नंबर त्याचाच, हे मान्य करायलाच हवं. पण थंड इंजिन सुरू करायच्या चोकला इथे फिरणारं पान असल्याने माझी सोलेक्सच्या स्टार्टर चकतीची केबल पुरेना, एअर क्लीनरच्या नळीला कॉलर बनवावी लागली, आणि कस्टम धरून खर्च कॉपीच्या कितीतरी वर गेला. तेही चाललं असतं. खरी गोम त्या डायफ्रॅमची. कार्बोरेटरमधला ॲक्सिलरेटर पंप आणि मीटरिंग रॉड दोन्ही त्याच्यावर, आणि आता पेट्रोल पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल सोसणारी किटं मिळतात, पण तीही बाहेरूनच. फलटणला संध्याकाळी डायफ्रॅम फाटला तर कुणाकडे बघायचं? सोलेक्स उघडलेला एखादा म्हातारा मिस्त्री तालुक्याच्या गावी अजून निघतो. कार्टर बघून तो नुसता हसेल.

राहिला जुनाच. लेथवाल्याने बॉडीचं भोक रीमरने मोठं केलं, दोन्ही बाजूंना ब्राँझचे बूश दाबून बसवले, नवा स्पिंडल काढला. काम दिसतं सोपं, पण दोन्ही बूश एका रेषेत आले नाहीत तर बटरफ्लाय (स्पिंडलवरची झडप) घासतो, म्हणून हे ज्याच्या-त्याच्या हातचं नाही. बाऊलमधली पातळी राखणारा पोकळ फ्लोट गरम पाण्यात बुडवला. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे झाळ शाबूत. नीडल आणि पॅकिंगं नवी टाकली. ई-२० वर इंजिन लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालायला लागलं होतं, प्लग पांढरेफटक निघत होते. सोलेक्सचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) बाहेरूनच काढता येतो, त्यामुळे एक नंबर मोठा टाकून बघणं रस्त्याच्या कडेलाही झालं. आता प्लग बिस्किटाच्या रंगाचे आहेत. ओढ कार्टरपेक्षा किंचित कमी वाटते, मोजलेली नाही. पण घाटावर थांबून परत आत बसलं की झाकणाखालून फक्त गरम ऑइलचा वास येतो, आणि तो जुन्या गाडीला शोभतो.

अर्थात तुमची जुनी बॉडीच गेली असेल तर हे सगळं व्यर्थ. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात बॉडी शोधणार असाल तर जेट-फ्लोटकडे बघू नका, ते मिळतं. इंजिनावर बसणाऱ्या फ्लँजचे कान तडकलेले नाहीत ना, कव्हरच्या स्क्रूचे आटे धरतात ना आणि पेट्रोलच्या नळीचं तोंड वाकडं नाही ना, एवढं बघा. स्पिंडल खुळखुळत असेल तर त्याच कारणावरून भाव पाडून घ्या. चांगली बॉडी नाहीच मिळाली आणि गाडी लांब न्यायची असेल, तर कार्टर घ्या आणि डायफ्रॅमची दोन किटं आधीच मागवून ठेवा. कॉपी घ्यायचाच झाला तर जीपवाल्याने घ्यावा.