काचेवरचे पांढरे डाग: व्हिनेगर की सेरियम पावडर?
आमच्याकडे गाडी धुवायला बोअरचं पाणी, आणि धुणारे दादा बादलीभर पाणी मारून थेट पुढच्या गाडीकडे, पुसायचं नावच नाही, मग उन्हात थेंब वाळले की काचेवर पांढऱ्या टिकल्याच टिकल्या. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार ते, शाम्पूने ढिम्म हलत नाहीत.

आधी व्हिनेगर. किराणा दुकानातलं साधं पांढरं घ्या, तेवढंच पाणी घाला, टिश्यू त्यात भिजवून काचेवर चिकटवा आणि ५-१० मिनिटं तसंच राहू द्या. नुसता स्प्रे मारला तर ओघळून जातं, मी तेच करत बसलेलो. गाडी सावलीत हवी. पेंटवर सांडलं तर लगेच धुवा. ताजे डाग यात सरळ विरघळतात. वास मात्र असा की बायको म्हणाली गाडीत लोणचं सांडलंय का.

पण मागच्या काचेवर वर्षभराचे थर होते, तिथे व्हिनेगरने हात टेकले. डाग काचेतच बसला की विरघळवून उपयोग नाही, काच पॉलिशच करावी लागते. त्यासाठी सेरियम ऑक्साइड, म्हणजे काच पॉलिश करायची बारीक पावडर, पाण्यात दह्याएवढी दाट कालवायची आणि फेल्ट पॅडने (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या पॅडने) घासायची. हाताने केलं तर खांदा गेलाच समजा. ड्रिलला पॅड लावला तर स्पीड कमी, पॅड सतत ओला आणि एका जागी थांबायचं नाही, काच तापून तडकू शकते. समोरच्या काचेवर तर मी हे करणार नाही, जास्त घासलं गेलं तर समोरचं वेडंवाकडं दिसतं.

दादांना आता एक मायक्रोफायबर देऊन ठेवलाय.