खांद्याच्या ऑपरेशननंतर उशीवाली स्लिंग: ७ महिन्यांनंतरचा अनुभव

उजव्या खांद्यातला रोटेटर कफ, म्हणजे खांद्याचे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांचा पट्टा, फाटला होता. दुर्बिणीतून तो शिवून घेतला, त्याला आता ७ महिने झाले. पहिले ६ आठवडे हात उशीवाल्या स्लिंगमध्ये, म्हणजे हात अडकवून ठेवायच्या तयार झोळीत होता, झोपतानासुद्धा. घेताना मी फक्त साइझ बघितला होता. आता कोणी विचारलं तर सांगेन, आधी मानेवरचा पट्टा बघा.

साध्या झोळीत हात पोटाला चिकटून राहतो. या स्लिंगला कमरेशी फोमची उशी असते, ती हात अंगापासून थोडा लांब धरते. त्यामुळे हाडाला नव्याने बांधलेल्या कंडरेवर ताण कमी येतो. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी नुसती मान डोलावली. खरं कळलं ते कपडे बदलायला उशी काढली तेव्हा. हात अंगाकडे आला की आत खोलवर ओढ लागायची, उशी परत लावली की थांबायची.

पहिला आठवडा मात्र मी ती चुकीचीच घातली. कोपर हळूहळू पुढे सरकायचं, मनगट कडेवरून खाली लोंबायचं, संध्याकाळपर्यंत बोटं सुजायची. सगळा भार पट्ट्यावर, म्हणजे मानेवर. खांद्यापेक्षा मानच जास्त दुखत होती! फिजिओथेरपिस्टनी बघताक्षणी कोपर पिशवीच्या मागच्या कोपऱ्यात टेकवलं, तळवा कोपरापेक्षा किंचित वर आणला आणि पट्ट्याखाली मऊ कापडाची घडी ठेवली. दोन दिवसांत बोटांची सूज उतरली. एका हाताने हे सगळं जमत नाही, म्हणून लेकीला शिकवून ठेवलं. त्यानंतर ती येता-जाता म्हणायची, "आई, कोपर मागे घे." घरात निदान एकाला तरी हे नीट शिकवून ठेवाच.

रात्री फार जड गेल्या. पाठीशी उशा रचून अर्धवट बसूनच झोपावं लागलं. कोपराखाली एक पातळ उशी हवीच, नाहीतर कोपर मागे पडतं आणि खांदा पुढून ताणला जातो. पहिल्या रात्रीचं तर आवर्जून सांगते. ऑपरेशनच्या वेळी मानेजवळ दिलेल्या इंजेक्शनने हात बधिर होता, म्हणून मला वाटलं दुखणं एवढंच. पहाटे बधिरपणा उतरला आणि जीव कासावीस झाला. लिहून दिलेली गोळी कळ यायच्या आधी, वेळेवर घ्यायची असते, हे तेव्हा समजलं.

स्लिंगमधले दोष: वेल्क्रोत धागे अडकतात आणि महिन्याभरात त्याची पकड सुटायला लागते. फोम घाम धरून ठेवतो. काखेत मला पुरळ आलं. मग कमरेतून पुढे वाकून हात सैल लोंबू द्यायचा, तेवढ्यात काख पुसून पूर्ण कोरडी करायची. हात स्वतःहून उचलायचा नाही. अंगठ्याची पट्टी काचत होती, ती विचारून काढून टाकली. कपडे पुढून बटणांचे. बाही आधी दुखऱ्या हातात, काढताना तो हात सगळ्यात शेवटी.

६ आठवड्यांनी दारावर अडकवायची पुली सुरू केली. दाराकडे पाठ करून बसायचं, चांगल्या हाताने दोरी ओढायची आणि दुखरा हात आपोआप वर जाऊ द्यायचा. पहिल्या दिवशी हनुवटीपर्यंतच गेला. ताकदीचे व्यायाम साधारण ३ महिन्यांनी, तेही फिजिओथेरपिस्टनी सांगितल्यावरच. मध्ये बरं वाटलं म्हणून मी भरलेली बादली उचलली होती. चार दिवस नीट झोपता आलं नाही. तसं करू नका, दुखणं कमी झालं तरी आतली जोडणी पक्की झालेली नसते.

आता डोक्यावरच्या फळीवरचा डबा काढता येतो. पाठीमागे हात अजून कमरेपर्यंतच जातो, तेवढ्यासाठी व्यायाम चालू आहे. स्लिंग धुऊन कपाटात ठेवली. फोमची उशी मात्र बाहेरच आहे, डाव्या कुशीवर झोपताना उजवा हात तिच्यावर ठेवते.