चार सॉकेटचा ±१५ व्होल्ट पॉवर सप्लाय: आठ महिने वापरल्यावर

माझ्या टेबलावर घरी बांधलेली चार यंत्रं आहेत: टर्नटेबलचा फोनो प्रीॲम्प (सुईचा क्षीण सिग्नल मोठा करणारा), लाइन बफर (सिग्नल न वाढवता पुढे देणारा), हेडफोन ॲम्प आणि एलईडीचा व्हीयू मीटर (आवाजाची पातळी दाखवणारा). आधी प्रत्येकाचा ट्रान्सफॉर्मर वेगळा होता. त्यातला एखादा प्रीॲम्पच्या जवळ आला की हम (गुणगुण) सुरू. रात्री ऐकायला बसायचं तर आधी दहा मिनिटं डबे सरकवण्यात जायची. म्हणून चारही यंत्रांना पुरेल असा एकच तयार सप्लाय घेतला, शून्याच्या मानाने अधिक १५ आणि उणे १५ असे दोन व्होल्टेज देणारा. बनवणाऱ्याचं नाव देत नाही, कारण याच घडणीचे डबे बरेच जण बनवतात आणि दोष त्या घडणीतलाच आहे.

आत ५० व्हीएचा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, १८ व्होल्टच्या दोन सेकंडरी (बाहेर वीज देणाऱ्या गुंडाळ्या), प्रत्येक बाजूला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि पुढे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर, अधिक बाजूला एलएम ३१७ व उणे बाजूला एलएम ३३७. मागच्या बाजूला जीएक्स १६ जातीची, आटे फिरवून घट्ट बसणारी चार सॉकेट. ही सॉकेट मला मनापासून आवडली. ऑडिओच्या केबलशी त्यांची गल्लत होऊच शकत नाही, आणि धक्का लागून प्लग निसटत नाही. हीटसिंकही भरपूर मोठा दिलाय. रेग्युलेटरवर नऊएक व्होल्ट पडतात, म्हणजे ३०० मिलिॲम्पिअरला जवळपास पावणेतीन वॅट उष्णता. तरी दोन तासांनी हात ठेवता येतो. व्होल्टेज चारही यंत्रं लावून तसूभर हलत नाही.

आता दुखणं. पहिल्याच रात्री हेडफोनमध्ये गाण्याच्या ठेक्याबरोबर बारीक ‘टिक टिक’ ऐकू येऊ लागली. व्हीयू मीटरचा प्लग काढला की बंद, लावला की सुरू. माझ्या मीटरमध्ये दोन एलएम ३९१५ (दिवे पेटवणाऱ्या चिप) आहेत, बार मोडमध्ये, म्हणजे पातळीपर्यंतचे सगळे दिवे एकत्र पेटतात. दहाही दिवे पेटले की एका चॅनेलचे १०० मिलिॲम्पिअर, दोन्हींचे २००. हा सगळा प्रवाह फक्त अधिक बाजूने येतो आणि शून्य व्होल्टच्या वाटेने परत जातो. एनई ५५३२ सारख्या ऑपॲम्पची (सिग्नल वाढवणाऱ्या चिपची) गोष्ट वेगळी. त्याचे आठएक मिलिॲम्पिअर अधिककडून उणेकडे जातात, शून्याच्या वायरीत जवळजवळ काही उतरत नाही. म्हणजे शून्याची वाट खराब करणारी यंत्रं दोनच, मीटर आणि हेडफोन ॲम्प (हेडफोनचा प्रवाहही शून्यातूनच परततो).

डबा उघडला. (आधी प्लग काढा, थोडं थांबा आणि कपॅसिटरवर किती व्होल्ट उरलेत ते मोजूनच हात घाला. मेन्सच्या बाजूशी घाई नको.) चारही सॉकेटचा शून्य सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या एकाच अरुंद ट्रॅकवर माळेसारखा ओवलेला होता, आणि मीटर लावला होता त्या माळेच्या शेवटी. मिलिमीटरभर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब ट्रॅकचा रोध साधारण ०.०५ ओहम भरतो. त्यातून २०० मिलिॲम्पिअर गेले की १० मिलिव्होल्ट. मल्टिमीटर लावून पाहिलं, पहिल्या आणि चौथ्या सॉकेटच्या शून्यांमध्ये दिवे पेटले की आठ दिसत होते. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (टर्नटेबलची सुई ज्यात बसते ते) मुळात देतं पाचएक मिलिव्होल्ट! हे आठच्या आठ काही प्रीॲम्पच्या इनपुटला लागत नाहीत. पण ऑडिओच्या आरसीए केबलच्या शील्डमुळे (बाहेरच्या जाळीमुळे) यंत्रांचे ग्राउंड, म्हणजे शून्य, आधीच एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे मीटरचा थोडा प्रवाह शील्डमधूनही परत जातो, आणि तो कानाला कळायला पुरतो.

मी तो ट्रॅक कापला आणि प्रत्येक सॉकेटला शून्याची स्वतंत्र जाड वायर दिली. पहिल्या खेपेला चारही वायरी मोठ्या फिल्टर कपॅसिटरांच्या मधल्या बिंदूवर सोल्डर केल्या, ते चुकलं. तिथे ब्रिजमधून (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांमधून) येणारे चार्जिंगचे झटके वाहत असतात, सेकंदाला शंभर. टिकटिक गेली आणि तिच्या जागी खरखरीत गुणगुण आली. मग वायरी उचलून रेग्युलेटरच्या पुढे, आउटपुटच्या छोट्या कपॅसिटरांच्या शून्यावर एकत्र केल्या आणि तिथून मागच्या मधल्या बिंदूला एकच वायर नेली. त्या रात्री रेकॉर्ड सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खोबणीत फक्त सुईचा आवाज होता. मी ती बाजू संपेपर्यंत जागेवरून उठले नाही.

याशिवाय प्रीॲम्पमध्ये दोन्ही रेलवर (अधिक आणि उणे व्होल्टेजच्या वाटांवर) १० ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे १०० मायक्रोफॅरड घातला. सोळा मिलिॲम्पिअरला ०.१६ व्होल्ट पडतात, त्याने काही बिघडत नाही, आणि शेजारच्या यंत्राची गडबड रेलमधून आत यायची ती बरीच अडते.

ब्लूटूथचं मॉड्यूल मात्र या डब्यावर लावू नका. मी ५ व्होल्टचा रेग्युलेटर टाकून लावून पाहिलं, तर मागे बारीक शिट्टी. तेच मॉड्यूल पॉवर बँकेवर चालवलं की शिट्टी गायब. त्याचा ग्राउंड सप्लायच्या बाजूने वेगळा ठेवायलाच हवा, म्हणजे वेगळी सेकंडरी किंवा वेगळा सप्लाय.

आणखी एक तक्रार. चालू करताना दोन्ही रेल एकाच वेळी वर येत नाहीत, आणि डब्यात उशिराने जोडणारा रिले नाही. हेडफोनमध्ये ‘धप्’ होतं. हेडफोन ॲम्पमध्ये स्वतःचा रिले नसेल तर हेडफोन नंतर लावा.

ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि सॉकेट यांसाठी मी हा डबा पुन्हा घेईन. ज्यांना तो उघडून वायरी बदलायच्या नाहीत त्यांनी निदान प्रवाह खाणारं यंत्र रेग्युलेटरला सगळ्यात जवळच्या सॉकेटवर लावावं आणि फोनो त्याच्या पुढच्या सॉकेटवर. असं केलं की मीटरचा प्रवाह फोनोच्या ट्रॅकवरून जात नाही. माझ्या डब्यात ते जवळचं सॉकेट चौथ्या क्रमांकाच्या विरुद्ध टोकाला, स्विचशेजारी आहे.