घुमटाखालून हिरवळीखाली: ऑक्सफर्डची रॅडक्लिफ सायन्स लायब्ररी

ऑक्सफर्ड विद्यापीठाची रॅडक्लिफ सायन्स लायब्ररी शोधत निघालेला नवखा माणूस नावातल्या साम्यामुळे हमखास गावाच्या मधोमध असलेल्या रॅडक्लिफ कॅमेरा या घुमटाकार वास्तूपाशी जाऊन पोहोचतो. माझेही तसेच झाले आणि त्याचा मला आनंदच आहे, कारण या ग्रंथालयाचे मूळ घर तेच. १७१४ मध्ये वारलेल्या डॉ. जॉन रॅडक्लिफ या वैद्याने ग्रंथालयाच्या बांधकामासाठी ४० हजार पौंड मागे ठेवले, वास्तुकार जेम्स गिब्ज यांनी त्यातून ही गोल इमारत उभी केली आणि १७४९ मध्ये ती उघडली. पुढे १८११ पासून तिथे वैद्यक आणि निसर्गविज्ञान यांच्या ग्रंथांवर भर देण्यात येऊ लागला. विज्ञानाने वेगळी चूल मांडण्याची सुरुवात इथे झाली.

खरे बिऱ्हाड हलले ते १८६१ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी पार्क्स रोडवर विद्यापीठाचे नवे निसर्गविज्ञान संग्रहालय उघडले होते; ग्रंथालय तिथे वरच्या मजल्यावर गेले. विज्ञानाच्या सगळ्या शाखांना एका छपराखाली आणावे यासाठी झटणारे हेन्री ऍक्लंड हेच रॅडक्लिफ ग्रंथपालही होते, आणि जिथे प्रयोग चालतात तिथेच पुस्तके असावीत हा त्यांचा आग्रह मला आजही पटतो. ग्रंथालय पाहण्याआधी हे संग्रहालय पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. लोखंडी खांब आणि काचेचे छत असलेल्या चौकाभोवती दगडी खांबांची रांग आहे. प्रत्येक खांब ब्रिटिश बेटांतल्या वेगळ्या दगडाचा असून त्यावर त्या दगडाचे नाव कोरलेले आहे, आणि वरच्या भागात खऱ्या वनस्पती समोर ठेवून पाने-फुले कोरलेली आहेत. मी बराच वेळ एकेका खांबापाशी थांबून नावे वाचत होतो. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला हात लावून दगड ओळखता यावा आणि जिना चढून वर गेले की त्याच दगडावरचा ग्रंथ हाताशी यावा, अशी ती रचना होती. उत्क्रांतिवादावरून त्याचे विरोधक बिशप विल्बरफोर्स आणि त्याचे समर्थक जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांच्यात ३० जून १८६० रोजी झालेली प्रसिद्ध खडाजंगीही ग्रंथालयासाठी राखलेल्या वरच्या दालनातच झाली; पुस्तके तेव्हा अजून यायची होती.

ती जागा अपुरी पडल्यावर लंडनच्या ड्रेपर्स कंपनीच्या, म्हणजे कापड व्यापाऱ्यांच्या जुन्या संघाच्या देणगीतून, टी. जी. जॅक्सन यांच्या आराखड्यानुसार शेजारीच स्वतंत्र इमारत बांधण्यात आली आणि १९०१ मध्ये ग्रंथालय तिथे गेले. जवळजवळ अर्धशतक ग्रंथपाल राहिलेले ऍक्लंड त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते. १९२७ मध्ये ग्रंथालय बोडलियनमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात सामील झाले, १९३४ मध्ये वास्तुकार ह्यूबर्ट वर्दिंग्टन यांनी नवा भाग जोडला आणि १९७० च्या दशकात पुढचा विस्तार थेट संग्रहालयासमोरच्या हिरवळीखाली, जमिनीच्या पोटात करण्यात आला. या शेवटच्या निर्णयाचे मला फार कौतुक वाटते. जागेची निकड असूनही संग्रहालयाचे दर्शनी रूप झाकायचे नाही, एवढा विचार तेव्हा झाला. तळघरातल्या वाचकाला खिडकी मिळत नाही ही त्याची किंमत, आणि ती कमी नाही. तरीही हिरवळीवर उभे राहून संग्रहालयाचा तो दर्शनी भाग पाहिल्यावर मी या निर्णयाच्याच बाजूने मत देईन.

२०१९ च्या अखेरीस बंद झालेली ही इमारत मोठ्या नूतनीकरणानंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडली आणि आता ती रूबेन कॉलेज या नव्या कॉलेजबरोबर वाटून घेतलेली आहे. संशोधनपत्रिका संगणकावर वाचल्या जात असल्यामुळे बांधीव खंडांपेक्षा बसण्याच्या जागांना महत्त्व आले, हे समजण्यासारखे आहे. मात्र बोडलियनचा फार मोठा संग्रह स्विंडनजवळच्या, २०१० मध्ये सुरू झालेल्या भांडारात असतो आणि तिथली पुस्तके मागवल्यावर गाडीने येतात. त्यामुळे एक पुस्तक शोधताना शेजारचे दुसरेच हाती लागण्याचे जे सुख उघड्या कपाटांपाशी मिळते, ते या व्यवस्थेत उरत नाही. जिथे काम तिथे पुस्तक, या ऍक्लंड यांच्या विचाराला इथे थोडी मुरड पडली आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बाहेरच्या अभ्यासकाला बोडलियनचे वाचकपत्र अर्ज करून मिळवता येते. त्या वेळी पुस्तकांना इजा करणार नाही, ग्रंथालयात आग वा ज्योत आणणार नाही, अशी शपथ मोठ्याने वाचावी लागते. ती वाचताना माझा आवाज थोडा कापला. संग्रहालय, मग जॅक्सन यांची इमारत, मग वर्दिंग्टन यांचा भाग, या क्रमाने अर्ध्या तासात सगळे पायी पाहून होते. भांडारातले पुस्तक हवे असेल, तर ते आधीच मागवून ठेवावे.