वादळानंतर दारात येऊन "छत फुकट तपासून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

वादळ गेल्यावर स्वतःहून दारात येऊन छत तपासून देतो म्हणणाऱ्याला वर चढू देऊ नका, निदान तुम्ही स्वतः छताचे फोटो काढून होईपर्यंत तरी नाहीच. आमच्याकडे आई-बाबा दोघंच घरात होते, कोपऱ्यातून पाणी गळत होतं, लाईट गेलेली, आणि हा माणूस गळ्यात आयकार्ड घालून आला, बोलायला एकदम गोड. वर जाऊन आला आणि मोबाईलवर उचकटलेल्या पत्र्यांचे फोटो दाखवायला लागला, म्हणे काका आख्खं छत बदलावं लागेल पण तुमच्या खिशातून एक पैसा जाणार नाही, डिडक्टिबल पण आम्ही बिलात बसवतो. डिडक्टिबल म्हणजे घराच्या विम्यात नुकसानीतला जो वाटा आपण भरायचा असतो तो. तो बिलात बसवायचा म्हणजे बिल फुगवून विमा कंपनीला खोटी रक्कम दाखवायची, आणि उघडकीला आलं की नाव आपलं खराब होतं, कारण पॉलिसी आपल्या नावावर असते.

मग "ही फक्त पाहणीची परवानगी" म्हणत बाबांची सही घेतली. आतल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं की क्लेमची रक्कम थेट त्यांच्याकडे जमा होणार, काम त्यांनाच द्यायचं आणि रद्द केलं तर दंड. मालासाठी अ‍ॅडव्हान्स घेतला तो वेगळाच.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला आणि त्याने मला वर नेऊन दाखवलं ते अजून डोळ्यासमोर आहे. वारा पत्र्याला आधी कडेला, कोपऱ्याला नाहीतर आढ्यापाशी धरतो, आणि पत्रा ओढला गेला की स्क्रूभोवतीचं भोक फाटून लांबट होतं. आमच्या कोपऱ्यातल्या पत्र्याला तसंच झालेलं. पण मधल्या पत्र्यांची भोकं गोल, धड, आणि कडेला पहार घालून उचकटल्याची खाच, आतला धातू चकचकीत! म्हणजे त्या माणसाने वर जाऊन चांगले पत्रे स्वतःच्या हाताने वाकवले होते. अंगाची नुसती लाही लाही झाली. वर कंपनीला संशय आमच्यावरच.

शेजाऱ्यांनी वादळ थांबल्या थांबल्या त्यांच्या गच्चीवरून फोटो काढले होते, तारीख-वेळेसकट, त्यात मधले पत्रे शाबूत दिसत होते म्हणून आम्ही सुटलो. कोपऱ्याचा क्लेम मंजूर झाला, तोही घसारा, म्हणजे पत्रे जुने झाल्याने कमी झालेली किंमत, वजा करून. अ‍ॅडव्हान्स गेला तो गेलाच, फोन कायमचा बंद. पोलिसात तक्रार दिली आहे.

त्यामुळे सगळ्यात आधी फोटो आणि व्हिडिओ, जमिनीवरून झूम करून काढले तरी चालतील, मग ताडपत्री. नुकसान आणखी वाढू न देणं ही बहुतेक पॉलिसीत आपलीच जबाबदारी असते, म्हणून सर्व्हेअरची वाट बघत गळू देऊ नका, ताडपत्रीचं बिल ठेवा आणि तुटलेले तुकडे पाहणी होईपर्यंत फेकू नका. कंपनीला स्वतः कळवून क्लेम नंबर घ्या. कोणी मी सर्व्हेअर म्हणत आला तर पॉलिसीवर छापलेल्या नंबरवर फोन करून नाव विचारा, त्याने दिलेल्या नंबरवर नको. आणि सही करून बसला असाल तर आजच तो कागद पूर्ण वाचा, काही देशांत दारात केलेला करार ठरावीक दिवसांत रद्द करता येतो, पण तोंडी सांगून उपयोग नाही, लेखी द्या आणि पोच घ्या.