सोल ऑफ अ नेशन की अफ्रो-अटलांटिक हिस्टरीज: एकच कॅटलॉग घ्यायचा तर

काळ्या लोकांच्या कलेवरची आणि इतिहासावरची ही दोन चित्रप्रदर्शनं, दोन्हींच्या टूर संपल्यात, त्यामुळे निवड आता कॅटलॉगची, म्हणजे त्यांच्या चित्रांच्या पुस्तकांचीच, आणि दोन्ही जाडजूड नि महाग, म्हणून जरा विचार करून घ्या. मी ह्यूस्टनला दोन्ही बघितली, 2020 मध्ये सोल ऑफ अ नेशन आणि नंतर अफ्रो-अटलांटिक.

नुसती चित्रं म्हणून बघाल तर सोल ऑफ अ नेशन जबरदस्तच आहे. लंडनच्या टेट मॉडर्नने 2017 ला केलेलं, 1963 ते 1983 एवढाच काळ, पण त्यात एमरी डग्लसने ब्लॅक पँथर या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन संघटनेच्या पेपरसाठी केलेली चित्रं आहेत आणि सॅम गिलियमसारखे नुसत्या रंगातून बोलणारेही. काळ्या कलाकाराने आंदोलनाचंच चित्र काढायला हवं का, यावरून त्यांच्यात जे वाद होते ते इतके स्पष्ट मी दुसरीकडे कुठे बघितले नाहीत.

मला खटकलं ते वेगळंच. पोस्टर्ससमोर मुलगी विचारायला लागली, बाबा हे सगळे एवढे का चिडलेत, आधी काय झालं होतं, आणि बोट दाखवायला समोर काही नव्हतं, मग मीच जहाजं, उसाचे मळे, माणसांचे लिलाव असं जमेल तसं सांगत राहिलो. तीनशे वर्षांचा जुलूम बघणाऱ्याला माहीतच आहे असं धरून चाललं की राग दिसतो, पण त्याचं कारण दिसत नाही.

अफ्रो-अटलांटिक त्या कारणापासूनच सुरू होतं. साओ पाउलोच्या मास्प म्युझियमने 2018 ला केलं, ब्राझीलमध्ये गुलामी 1888 ला संपली त्याला 130 वर्षं झाली तेव्हा. ब्राझीलमध्ये जवळपास 48 लाख माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली आणि आजच्या अमेरिकेत आफ्रिकेतून थेट आणलेली चार लाखांच्या आत, हे कळलं की एकट्या अमेरिकेवर नजर ठेवून हा इतिहास समजणार नाही हे पटतं. आरन डग्लसचं 1936 चं इनटू बाँडेज, साखळदंडातली माणसं समुद्राकडे चाललीयत, हे लहान मुलांनाही सांगावं लागत नाही. आणि डाल्टन पाउलाने केलेलं झेफेरिनाचं पोर्ट्रेट, 1826 ला ब्राझीलच्या साल्वादोर शहरात उठाव करणारी बाई, ते तर बघाच.

शतकांची सरमिसळ आहे, कधीकधी गोंधळायला होतं, हे मान्य. शिवाय साओ पाउलोला साडेचारशेच्या आसपास कलाकृती होत्या, अमेरिकेत आल्या साधारण 130, पण कॅटलॉगमध्ये बरंच जास्त आहे.

इतिहास आधीच वाचलेला असेल तर सोल ऑफ अ नेशन घ्या, पस्तावणार नाही. घरात शाळकरी मुलं असतील तर मी तरी अफ्रो-अटलांटिक घेईन आणि दुसरं लायब्ररीत मिळतंय का बघेन.