पहिल्यांदाच जिमला जाणाऱ्या बायकांसाठी: राजारामपुरीतली आमची जिम

चाळिशी ओलांडलेल्या आणि जिमच्या पायरीवरच धडधडायला लागणाऱ्या बाईला मी ही जागा डोळे झाकून सुचवेन.

कोल्हापुरात पेठापेठांत तालमी आहेत, पण आमच्या वयाच्या बायकांनी वजनं उचलायची असतात हे घरात कुणी सांगितलं नव्हतं. रंकाळ्यावर रोज चालत होतेच. पाळी थांबल्यावर हाडांची झीज वाढते, नुसतं चालणं पुरणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. आधी एका चकाचक ठिकाणी गेले. तिथे वर्षाची फी आणि प्रोटीनचा डबा यापलीकडे बोलणंच नाही. गुडघ्यांबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही.

इथे सरांनी पहिल्यांदा तेच विचारलं. बीपी, गुडघे, पूर्वीची ऑपरेशनं, चालू गोळ्या, सगळं वहीत उतरवून घेतलं. सर स्वतः तालमीत घडलेले, बोलणं रांगडं, पण नजर बारीक. पहिला आठवडा वजनाला हातच लावू दिला नाही. बाकावर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं. भिंतीला हात टेकून जोर काढायचे. मग पाठीवर लाकडी काठी धरून वाकायचं. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी चिकटलेली राहिली पाहिजे. एक जागा सुटली की "काकू, परत" असा आवाज यायचाच. त्या काठीने मला जे शिकवलं, ते कुठल्याही मशीनने शिकवलं नसतं. आज जमिनीवरची घागर उचलतानाही पाठ आपोआप सरळ राहते.

मोठा रॉड मोकळाच 20 किलोचा असतो, त्यामुळे नवख्यांसाठी इथे वेगळा हलका रॉड ठेवलाय. लॅट पुलडाउनची (डोक्यावरची दांडी छातीकडे ओढायचं मशीन) पिन सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात कमी वजनाच्या प्लेटला लावली तरी कुणी हसत नाही. उचलताना श्वास सोडायचा, हे सर प्रत्येक सेटला सांगतात. अंग पहिल्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त दुखेल हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून जिना उतरताना मांड्या ठणकल्या तरी मी घाबरले नाही.

आठवड्यातून तीनच दिवस यायचं असलं तरी चालतं. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना स्नायूंचा व्यायाम किमान 2 दिवस करायला सांगते, तेव्हा रोज जमत नाही म्हणून अडून बसू नका. फी महिन्याची महिन्याला घेतात, पावती देतात. (कुठेही गेलात तरी पावती बघा. जिमवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्के झालाय.)

उणिवा आहेत. कपडे बदलायची खोली फारच लहान. डंबेल्स 5 किलोनंतर एकदम 7.5 ची, मधलं काहीच नाही, आणि आमच्यासारख्यांना ती उडी जड जाते. संध्याकाळी सातनंतर कॉलेजच्या पोरांची गर्दी असते, गाणी कान फुटतील एवढी मोठी. अशा वेळी नवख्या बाईने जाऊच नये.

सकाळी अकराची लेडीज बॅच घ्या. पहिले दोन दिवस फी नाही. घरून वेगळे स्वच्छ बूट आणि नॅपकिन न्या, त्याशिवाय सर आत सोडत नाहीत.